मोजून आलेलं शून्य

आडव्या अक्षाखाली पाच नावं होती आणि त्यांच्यावर खांब चारच. बाबा, दादा, मी, आजी, आई. लाल स्केचपेननं, पट्टी धरून लिहिलेली. बाबांवर पाच पोळ्यांइतका उंच खांब, दादावर चार, 'मी'वर तीन, आजीवर एकच, बुटका, बसकण मारलेला. आईवर काही नाही. कोरा कागद. आम्रपाली गजभिये नावाची उतई गावची मुलगी तो तक्ता दोन्ही हातांनी फळ्याशी धरून उभी होती, कारण फळ्याला खिळा नव्हता, चिकटपट्टी कपाटात होती, कपाटाची किल्ली बाबूजवळ होती आणि बाबू बँकेत गेला होता. संध्याकाळी आमच्या घरी कोण किती पोळ्या खातं, असं वर शीर्षक. प्रमाण लिहिलेलं, खांबांमधली अंतरं सारखी. उद्या शाळेत जाऊन दुसऱ्यांच्या मुलांना शिकवणारी ही बी.एड.ची पलटण एरवी आलेख काढते तेव्हा खांबांना गोट्याची किनार लावते आणि प्रमाण लिहायला विसरते. त्या मानानं हा आलेख म्हणजे आदर्शच होता. सत्यशीला रामटेके मॅडमनी लाल पेनाचं टोपण काढलं आणि आपल्या ठेवणीतल्या कोरड्या आवाजात विचारलं, "आणि आई जेवत नाही?"

वर्ग हसला. मागच्या बाकावरून भूपेंद्र म्हणाला, "मैडम, उपवास होगा. नवरात्रि चल रही है." वर्ग आणखी हसला. भूपेंद्रला हसवायचा हक्क होता, कारण त्याच्याच आलेखाचा विषय होता 'पिताजी की डाँट, वार के अनुसार', आणि त्यात रविवारचा खांब कागदाबाहेर गेला होता. घरातलं काहीतरी आठवडाभर मोजून आणा, असं सत्यशीलेनंच सांगितलं होतं. पुस्तकातला रायपूरचा पाऊस आणि पुस्तकातल्या फलंदाजांच्या धावा वर्षानुवर्षं शिकवून ती इतकी विटली होती की खऱ्या पावसातसुद्धा तिला उभा अक्ष दिसायला लागला होता.

आम्रपाली हसली नाही. रडलीही नाही. भिलाईच्या त्या कॉलेजात वर्ग सगळा हिंदीत चालायचा, पण ती मराठीत बोलली, जशी घरी बोलत असेल तशी. "मॅडम, आई नाई आहे. मागच्या साली वारली."

"मग नाव काढायचं होतं खालून," सत्यशीला म्हणाली. तोंडातून गेल्यावर तिला ते ऐकू आलं.

"पन मॅडम, तुमीच त सांगतलं होतं. मोजलंच नाई त रेघ मारा, अना मोजून काही निघालं नाई त शून्य मांडा. आजी रोज आईच्या नावानं एक पोळी टाकते. ऐकत नाई कोनाचं. ते रोज उरते, सकाळी गाईले देतो. मी सातही दिवस पाह्यलं. म्हनून शून्य."

सत्यशीला तक्त्याजवळ गेली. चष्मा वर सारून वाकली तेव्हा दिसलं, आईच्या नावावर, अक्षाच्या रेघेला टेकून, पेन्सिलीनं काढलेलं एक बारीक शून्य होतं. अगदी तिनं शिकवलं होतं तसं. मागच्या बाकावरून ते दिसणं शक्यच नव्हतं. खाली उजव्या कोपऱ्यात माहितीचा स्रोत लिहिला होता : स्वतः मोजले.

तिची शिकवण्याची अशी एकच गोष्ट होती जी तिनं कोणाच्या पुस्तकातून घेतली नव्हती. कागदावर शून्य आणि रिकामं सारखंच दिसतं, पण सारखं नसतं. शून्य म्हणजे कोणीतरी गेलं, पाहिलं, मोजलं आणि हात हलवत परत आलं. रिकामं म्हणजे कोणी गेलंच नाही. शून्यावर बारीक शून्य काढायचं, रिकाम्यावर आडवी रेघ. दरवर्षी हा धडा ती वेगळी घेऊन बसायची, दरवर्षी मुलं माना डोलवायची आणि दरवर्षी परीक्षेत सरसकट दोन्हीकडे शून्य मांडायची. आज प्रथमच कोणीतरी तो घरी नेऊन वापरला होता. "बस," ती आम्रपालीला म्हणाली. आणखी काहीतरी म्हणायला हवं होतं, पण घंटा झाली, आणि कॉलेजातली घंटा हा तिच्या आयुष्यातला सर्वांत वक्तशीर नातेवाईक होता.

ऑफिसवरून जाताना प्राचार्य ओमप्रकाश सरांच्या भिंतीवरचा निकालाचा आलेख दिसला. त्यात उभा अक्ष नव्वदपासून सुरू होतो, त्यामुळे एक्याण्णवावरून चौऱ्याण्णवावर जाणं म्हणजे दल्ली राजहराचा डोंगर चढल्यासारखं दिसतं. सत्यशीलेनं एकदा सुचवलं होतं, सर, खाली निदान नागमोडी खूण तरी काढू, मधलं गाळलंय हे कळायला. सर म्हणाले होते, मैडम, निरीक्षण वालों को टेढ़ा-मेढ़ा अच्छा नहीं लगता. तेव्हा तिला हसू आलं होतं. आज स्कूटीला किक मारताना तिला उगाच वाटलं की आपणही बरंच काही गाळून, वरून कुठूनतरी अक्ष सुरू केलेला आहे आणि खूण काढलेली नाही. हे असलं वाटणं तिला मुळीच आवडत नसे. मुलांनी निबंधी भाषेत आलेखाचं वर्णन केलं की ती अर्धा गुण कापायची.

कॉलेजपासून घर लांब नव्हतं. जुनवानीत वडलांनी रिटायर झाल्यावर बांधलेलं, दोन खोल्या आणि पुढे तुळशीएवढी बाग, जिच्यात तुळस नव्हती, कढीपत्ता होता. त्याआधी सगळं आयुष्य पोलादाच्या कारखान्याच्या, म्हणजे प्लांटच्या, सेक्टरमधल्या क्वार्टरात गेलं. तिच्या लहानपणी त्या क्वार्टरच्या खिडकीत लाल धूळ बसायची आणि आई, सत्यभामाबाई, ती रोज पुसायची आणि प्लांट ती रोज परत पाठवायचा. वडील, धोंडबा रामटेके, प्लांटमध्ये इन्स्ट्रुमेंटच्या खात्यात होते. भट्ट्यांचं तापमान दाखवणारे गोल गोल कागद तिथं घड्याळासारखे फिरायचे, त्यांच्यावर एक पेन दिवसभर शाईची रेघ ओढत राहायची. निकामी झालेले कागद ते घरी आणायचे. त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर ती आणि तिचा धाकटा भाऊ विक्की अभ्यास करायचे. गोल कागदावर पाढे लिहिताना ओळी पुढे पुढे आखूड होत जातात. विक्की मुद्दाम कडेकडेनं, गोल गोल लिहायचा, सतराचा पाढा फिरत फिरत परत सतरावर यायचा आणि तो म्हणायचा, पाह्य ताई, संपतच नाई. ती त्याच्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी होती आणि तेव्हापासूनच शिक्षिका होती. ती म्हणायची, सरळ लिही. एखाद्या कागदावर रेघ एकदम खाली शून्याला गेलेली असायची. ती विचारायची, भट्टी विझली का? वडील हसायचे. "भट्टी कायची विझते? आतली तार जळते, मंग पेन पडते. पेन पडली म्हनून भट्टी थंडी झाली असं नाई होत, बाई."

ते वाक्य तिनं फार जपून ठेवलं. जरुरीपेक्षा जास्त.

विक्की विसाव्या वर्षी गेला. गेला म्हणजे, आयटीआयचा निकाल लागून महिना झाला होता, जेवला, ताट मोरीत ठेवलं, "येतो" म्हणाला आणि सायकल काढली. सायकल दुर्ग स्टेशनच्या स्टँडवर मिळाली. कुलूप लावलेली, नीट. त्या स्टेशनवरून गाड्या नागपूरकडे जातात आणि हावड्याकडेही जातात. पोलिसांनी फोटो घेतला, मावश्यांनी देव-देवऋषी सुचवले, जे वडलांनी त्यांच्या तोंडावर परत केले, आणि शेजारपाजाऱ्यांनी कारणं दिली. कारणं पुष्कळ होती. अप्रेंटिसच्या यादीत नाव नव्हतं. नंदिनी नगरची कोणी मुलगी होती. मुलगी नव्हती. बापाशी भांडला. भांडला नव्हता, बाप आणि तो आदल्या संध्याकाळी कॅरम खेळले होते. सत्यशीलेनं तेव्हाच ठरवलं की ज्या गोष्टीला इतकी कारणं आहेत तिला एकही नाही. कोणी म्हणालं, मनातून काढून टाका, तर ती वडलांचंच वाक्य वडलांसमोर म्हणून दाखवायची : पेन पडली म्हणजे भट्टी थंडी झाली असं नाही. वडील मान डोलवायचे. आई पदर तोंडाला लावायची. घरातली सर्वांत शिकलेली व्यक्ती बोलत होती. मग तिच्या लग्नाचं वय आलं आणि गेलं. घर एका माणसाची वाट पाहत होतं. त्यात दुसऱ्या कोणाची वाट पाहायला जागा नव्हती. क्वार्टर सोडून जुनवानीला यायची वेळ आली तेव्हा आई आठ दिवस जेवली नाही. तो आला आणि दारात दुसरं कोणी दिसलं तर? शेवटी तिनं क्वार्टरात आलेल्या नव्या बाईला, कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला, समोरच्या इस्त्रीवाल्याला नवा पत्ता सांगितला आणि दर बुद्धपौर्णिमेला त्या तिघांकडे खिरीचा डबा नेऊन द्यायला लागली. पत्ता लक्षात राहावा म्हणून. इस्त्रीवाल्याला गोड चालायचं नाही, साखर होती त्याला, पण तोही घ्यायचा.

आणि वडील दर दसऱ्याला नागपूरला जायचे. तसे सगळेच जात. भिलाईच्या बौद्ध वस्त्यांमधून दीक्षाभूमीला जाणारी माणसं पांढरे कपडे घालून दुर्गच्या फलाटावर गोळा होत, चिवड्याचे डबे, पाण्याच्या कॅन, कडेवर पोरं. लहानपणी तेही चौघं जायचे. तिथल्या समुद्रासारख्या गर्दीत हरवणं ही वार्षिक घटना होती, म्हणून रामटेक्यांचा नियम होता : रस्त्याच्या कडेला पाण्याच्या टाकीजवळ एक कडुलिंब आहे. कोणी हरवलं तर कोणी कोणाला शोधत हिंडायचं नाही. सगळ्यांनी त्या लिंबाखाली यायचं आणि उभं राहायचं. एकदा सत्यशीला आणि विक्की खरंच हरवले. ती नऊ वर्षांची असेल. तिनं त्याचं मनगट धरून लिंब गाठला. तो हात सोडवून घेत होता, समोर फुगेवाला होता, ती सोडत नव्हती. ऊन सरकलं तशी लिंबाची सावली सरकली, तरी ती सावलीमागे गेली नाही. वडील आले तेव्हा दोघं उन्हात उभे होते आणि विक्कीच्या मनगटावर तिच्या बोटांचे वळ उठले होते. "शाबास," वडील म्हणाले, "जागा नाई सोडली." मोठेपणी मिळालेल्या कुठल्याच पदवीनं तिला तेवढं बरं वाटलं नाही.

विक्की गेल्यानंतरच्या दसऱ्याला वडील एकटे गेले आणि स्तूपाचं दर्शन घेऊन सरळ त्या लिंबाखाली जाऊन उभे राहिले. दिवसभर. नियम होता, आणि नियम विक्कीलाही ठाऊक होता. संध्याकाळच्या गाडीनं परत आले. आईनं दार उघडलं आणि विचारलं, "आला का?" ते म्हणाले, "नाई." आई म्हणाली, "हातपाय धुवा, वाढते." मग दरसाल हेच. तोच प्रश्न, तेच उत्तर, तेच ताट. घरात इतकी वर्षं दुसरी कुठलीच गोष्ट इतक्या नेमानं झाली नाही. तीन वर्षांपूर्वी आई गेली. त्या दसऱ्याला दार सत्यशीलेनं उघडलं, आणि तिला काही विचारता आलं नाही. वडील चप्पल काढून आत गेले, आईच्या हार घातलेल्या फोटोसमोर क्षणभर थांबले आणि फोटोला म्हणाले, "नाई." मग स्वतःच हातपाय धुऊन आले.

आज ती घरी आली तेव्हा वडील दारापुढच्या ओट्यावर बसून लसूण सोलत होते. बोटं जाडी झाली होती, पाकळ्या निसटत होत्या. "आली का," ते म्हणाले. "चहा मांडून ठेवला हाये, गॅस लाव फक्त." तिनं पर्स ठेवली, गॅस लावला. चहा उकळायला लागला तेव्हा ते बाहेरूनच म्हणाले, "बाई, औंदा मी नागपूरले नाई जात."

"गुडघे दुखून राहिले का?"

"गुडघे त दहा साल झाले दुखून राहिले. गुडघ्याचं काय. मले म्हनायचं हाये, विक्कीचं पुण्यानुमोदन करून टाकू."

चहा उतू गेला. तिनं गॅस बंद केला, कपडा घेतला, ओटा पुसला. नंतर कपडा धुतला. एवढं सगळं होईपर्यंत ते लसूण सोलत राहिले. पुण्यानुमोदन म्हणजे भन्तेजी येणार, त्रिशरण-पंचशील होणार, पांढऱ्या कपड्यावर फोटो, फोटोला हार, नातेवाईक, जेवण. एकदा फोटोला हार घातला की तो माणूस गेला. त्यानंतर तो आला तरी कुठल्या दारानं येणार?

"कावून?" ती दारात येऊन म्हणाली. भांडणात तिची भाषा कॉलेजची राहत नसे. "कोन्ता पुरावा भेटला तुमाले? कोनी पाह्यलं? काही नाई माहीत आपल्याले. माहीत नाई त माहीत नाई. तुमीच म्हनत होते ना, पेन पडली म्हनून भट्टी—"

"म्हनत होतो." त्यांनी सुपातली सालं फुंकली. "पन पेन पडली त आमी काय खुर्चीवर बसून राहात होतो का बाई? जाऊन पाहा लागते. मी जाऊन पाह्यलं. दरसाल पाह्यलं. एक साल नाई सोडलं, सत्यभामा गेली त्या साली बी गेलो. आता माझ्यानं उभं नाई राहवत. मी मेलो म्हनजे तू एका दिवशी दोघाइचे फोटो लावशीन, बापाचा अना पोराचा. तसं नाई पाहिजे मले. माह्या पोरासाठी मीच त्रिशरण म्हनीन. मंग माही पाळी."

"मी नाही होऊ देणार," ती म्हणाली. शुद्ध भाषेत, त्यामुळे ते जास्त कठोर वाटलं.

"तुझ्याबिगर करनार नाई," ते म्हणाले. "करता आलं असतं त कवाच केलं असतं. घरात आता आपुन दोघंच हावो. एकानं म्हनावं गेला, दुसऱ्यानं म्हनावं नाई गेला, असं कसं हार घालू मी?" मग त्यांनी सूप तिच्याकडे सरकवलं. "हे घे. फोडनीले."

त्यानंतर दोन दिवस त्या घरात मीठ, दूध, वीजबिल एवढ्याच विषयांवर बोलणं झालं, आणि तेही सविस्तर. तिसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये ती आलेख तपासायला बसली. भूपेंद्रच्या डाँटला दहापैकी सहा, प्रमाण चुकलं होतं, पण रविवारचं खरं वाटत होतं. मग आम्रपालीचा तक्ता निघाला. तिनं लाल पेन टेकवलं आणि तशीच थांबली. बाहेर कोणीतरी पोरगं सरावाचा पाठ मोठ्यानं पाठ करत होतं, 'बच्चों, आज हम सीखेंगे', पुन्हा 'बच्चों, आज हम सीखेंगे', त्याच्यापुढे त्याला काही आठवत नव्हतं. उतईच्या कुठल्यातरी घरात एक म्हातारी सुनेच्या नावाची पोळी तव्यावर टाकते. ती फुगते. टोपल्यात जाते. उरते. म्हातारी कोणाचं ऐकत नाही म्हणून घरचे हसत असतील, पण ती म्हातारी रोज मोजते आहे. सत्यशीलेला वाटलं, आपण आडव्या अक्षावर वर्षं मांडली, विक्की गेल्यापासूनची, आणि वर तो किती वेळा आला ते मांडलं, तर आपण प्रत्येक वर्षावर काय काढू? आडवी रेघ. माहिती उपलब्ध नाही. इतकी वर्षं तिनं तेच काढलं होतं आणि त्याला आशा म्हटलं होतं. आणि त्याच कागदावर वडील काय काढतील? ते गेले होते. सकाळपासून गाडीच्या वेळेपर्यंत उभे राहिले होते. त्यांचं प्रत्येक वर्ष मोजलेलं होतं. एक शून्य, आणखी एक शून्य, आणखी एक. तो सगळा कागद त्यांनी बारीक शून्यांनी भरत आणला होता आणि ती दरसाल त्याच्यावरून रबर फिरवत होती.

आणि ती स्वतः? एकदाही गेली नव्हती. कॉलेजला सुट्टी असायची. गर्दी सोसत नाही, ती म्हणायची. दीक्षाभूमीला ती इतर दिवशी जायची, रिकाम्या दुपारी, पुस्तकं घ्यायला, आणि लिंबाच्या रस्त्यानं कधी जायची नाही. ज्या पोरीनं उन्हात उभं राहून जागा सोडली नव्हती, ती विक्की गेल्यावर त्या जागेवर परत गेलीच नव्हती. कारण गेली असती तर मोजावं लागलं असतं. तिनं आम्रपालीच्या तक्त्यावर दहापैकी दहा लिहिले, जे तिनं आजवर कोणालाही दिले नव्हते, आणि तक्ता गुंडाळून ठेवला.

संध्याकाळी ती वडलांना म्हणाली, "औंदा मी जाते."

ते टीव्हीवरच्या बातम्या पाहत होते. त्यांनी आवाज कमी केला, बंद केला नाही.  मग म्हणाले, "टाकीच्या डाव्या अंगाले. आता तेथे पुस्तकाची दुकानं लागतेत, त गोंधळू नको. दुपारी सावली सरकते. तू सरकू नको तिच्यासंगं. पानी घेऊन जा." थोड्या वेळानं, "छत्री पन ने," आणि त्यांनी आवाज वाढवला.

लिंब अजून होता. आठवणीत होता त्यापेक्षा बारीक, अर्ध्या फांद्या विजेच्या तारांसाठी छाटलेल्या. टाकीवर निळा रंग दिला होता. माणसं येत होती, पांढरी, न संपणारी, नांदेडची, अकोल्याची, कुठून कुठून पायी आलेली, डोक्यावर गाठोडी, खांद्यावर पोरं. भोंग्यावरून सतत हरवलेल्यांची नावं : निळा फ्रॉक घातलेली, वय वर्षं चार, आपलं नाव पिंकी सांगते. सत्यशीला उभी राहिली. प्रथम तिला लाज वाटली, कोणी ओळखीचं पाहील म्हणून. मग पाय दुखायला लागले आणि लाज मागे पडली. ती चेहरे पाहत होती. आधी तिनं वीस वर्षांचा मुलगा शोधला, सवयीनं. किती सापडले, वीस वर्षांचे, हसरे, केस कपाळावर आलेले. प्रत्येक वेळी ती टाचा उंचावायची. मग तिला समजलं की तो आता चाळिशी ओलांडलेला असेल, पोट सुटलेलं, टक्कल असेल, आणि ती टकलं शोधायला लागली. कुठलं टक्कल विक्कीचं असू शकतं हे तिला ठरवता येईना. त्याचं मनगट असतं तर तिनं ओळखलं असतं. उन्हं डोक्यावर आली. सावली टाकीकडे सरकली, तशी सावलीत बसलेली माणसंही उठून सरकली. ती उन्हात राहिली. छत्री होती. तिनं उघडली नाही. छत्रीखालचं तोंड लांबून दिसत नाही.

शेजारी पुस्तकांचं आणि तसबिरींचं दुकान होतं. दुकानदार सकाळपासून तिच्याकडे पाहत होता, पन्नाशीचा, गळ्यात निळा दुपट्टा. गिऱ्हाईक ओसरलं तेव्हा त्यानं फळकुटाखालून एक प्लास्टिकचं स्टूल काढलं, पुसलं आणि तिच्यापाशी आणून ठेवलं. "बसा ताई. हे स्टूल तेथलंच हाये. भिलाईचे एक बाबा येतेत दरसाल, तुमी उभ्या हात ना, त्याच जागेवर उभे रायतेत. त्यायच्यासाठी ठेवतो. बसत नाईत ते पन, उभेच रायतेत. औंदा दिसले नाई."

"माझे वडील आहेत ते," सत्यशीला म्हणाली.

"असं का!" त्याचा चेहरा उजळला. "मी शेषराव. मंग तुमीच त्या! बापा, भेटल्या म्हना शेवटी. मी त्यायले पहिल्या साली विचारलं होतं, बाबा, कोनाची वाट पाहून राहिले? कोनी हरवलं का? त म्हने, नाई, हरवलं कोनी नाई. माही पोरगी येनार हाये. तिले जागा माहीत हाये म्हने." तो हसला. "मी दरसाल विचारतो, आली का बाबा पोरगी? ते म्हनतेत, येईन."

कोणीतरी किंमत विचारली म्हणून तो दुकानाकडे वळला. सत्यशीला स्टुलावर बसली नाही. परक्या माणसाला पोराचं काय सांगायचं म्हणून वडलांनी काहीतरी सांगितलं असेल. तसंच असेल. शहाण्या माणसानं त्यातून दुसरा अर्थ काढू नये. दोन बिंदू दिसले की मुलं लगेच रेघ जोडतात आणि ती त्याचेही गुण कापते. पण तिनं स्टूल थोडं बाजूला सरकवलं आणि होती तिथंच उभी राहिली. ती आली होती. इतक्या वर्षांच्या शून्यांनंतर एक. आणि ते मांडायला आज इथं कोणी उभं नव्हतं.

ती गाडीच्या वेळेपर्यंत थांबली. शेवटचा अर्धा तास ती चेहरेसुद्धा पाहत नव्हती, नुसती उभी होती, दिसेल अशी. मग फोन वाजला. वडील फोनवर नेहमी ओरडून बोलायचे, मधलं अंतर आपल्यालाच पार करायचं असल्यासारखे. आज हळू बोलले.

"जागेवर हायेस?"

"जागेवरच हाये."

"उन्हात?"

"हो."

 मागे घरातला पंखा ऐकू येत होता, तो दर फेऱ्याला एकदा कुरकुरतो. मग त्यांनी विचारलं. आईनं विचारायचं ते, आईच्याच शब्दांत.

"आला का?"

समोरून माणसं जात होती. तिनं आणखी एकदा, डावीकडून उजवीकडे, एकही चेहरा न गाळता पाहिलं.

"नाई, बाबा."

"पाह्यलं ना नीट?"

"नीट पाह्यलं." मग ती म्हणाली, "येत्या इतवारी भन्तेजीले बोलवा."

पंखा कुरकुरला. पुन्हा कुरकुरला.

"फोटो कोन्ता लावाचा?" त्यांनी विचारलं.

"आयटीआयचा. हसून राहिला तो."

"हो. तो बरा हाये." आवाज फाटला, त्यांनी खाकरून नीट केला. "मंग ये आता घरी. हातपाय धू अना ताटावर ये. मी वाढून ठेवतो."